दोघांना दिसला तरच

अण्णा, तुझी वही आता माझ्याकडे आली आहे. तेराव्याची जेवणं उरकून पाहुणे पांगल्यावर कमला वहिनींनी ती आतून आणली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. तेच निळं कव्हर, कोपऱ्यावर दहीभाताचा जुना डाग, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. अकरा वर्षं दुर्बीण माझ्याकडे आणि वही तुझ्याकडे, अशी आपली वाटणी होती. एकीवाचून दुसरीचा उपयोग नाही, असं तूच म्हणायचास. गेलं वर्षभर दुर्बीण कपाटात ठेवून मी ते खरं करून दाखवलं.

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीतले तुझे जुने सोबती आले होते. साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर तुझ्यासारखी कुणी मांडली नाही, असं एकजण म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. मी शेजारी बसून मान हलवत होतो. चुलत भाऊ असून सख्ख्याहून जवळचे, असं जो तो मला म्हणत होता. शेवटचं वर्षभर आपण धड बोललोच नव्हतो, हे मी कुणालाच सांगितलं नाही. तूही कुणाला सांगितलं नव्हतंस, म्हणून मला गप्प बसता आलं.

तेव्हा आता तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगही नाही.

मी पुण्याहून परत आलो तेव्हा केवढ्या तोऱ्यात होतो, आठवतं? विमा कंपनीत सव्वीस वर्षं लोकांचे दावे तपासले होते. गाडी खरंच उलटली का, आग खरंच लागली का, हे विचारता विचारता स्वभावच तसा होऊन बसला होता. बायकोनं हळद टाकली म्हटलं तरी मी भाजीकडे बघून खात्री करायचो. नोकरी मुदतीआधी सोडून कुंभकोणमला आलो ते दोन जाडजूड पक्ष्यांची पुस्तकं, तिपाईवरची दुर्बीण आणि तोंडात पुण्याची मराठी घेऊन. तू ओसरीवर बसून माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "रघू, तुझी मराठी कागदाची झाली रे. इस्त्री करून आणलीस काय?" घरात सगळे हसले. आपली ही तंजावरकडची जुनी बोली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, तुला कधी कमीपणाची वाटली नाही. मला मधली काही वर्षं वाटली होती. हेही आजच कबूल करतो.

त्याच वर्षी मेच्या मध्यावर, वैकासी लागल्यावर, तू मला कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी घेऊन गेलास. पहाटेची मयिलाडुतुरैची बस, पुढं सीरकाळी, तिथून पळैयार, आणि मग नावाडी सेल्वमची फायबरची होडी. बस तिरुभुवनमवरून जाताना तू सोसायटीच्या दाराकडे बघून हात जोडलेस. देवळाला जोडावेत तसे. मी हसलो तर म्हणालास, "तिथंच दोन घास मिळाले रे, हसूं नक्को." नदी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूची लांबलचक जीभ आहे. भरती आली की तिचं बेट होतं. दर पावसाळ्यात पाणी तिला मोडतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं, म्हणून नकाशात ती सापडत नाही. उत्तरेकडे निघालेले पाहुणे पक्षी शेवटचे तिथं थांबतात, आणि इथलेच छोटे सुरय तिथल्या उघड्या वाळूत अंडी घालतात.

त्या पहिल्याच खेपेला मी थाप मारली. अगदी थाप नव्हे, पण एका साध्या चिमुकल्या तुतवाराला मी रुंद चोचीचा दुर्मीळ तुतवार करून टाकलं. पुस्तकात त्याचं चित्र होतं आणि मला तो हवा होता. तू दुर्बिणीला डोळा लावलास, बराच वेळ बघितलंस. तुला काही तो पटला नाही. पण तू मला खोटं पाडलं नाहीस. वही उघडून म्हणालास, "असं करूं. दोघांल दिसला तरीच लिहूं. एकाल दिसला तर तो त्याचा, वहीचा नव्हे." झाला नियम. तुझ्या धाकट्या भावाची लाज राखायला तू तो केलास, हे मला परतीच्या बसमध्येच कळलं होतं. तरी पुढं दहा वर्षं तो नियम जणू मीच केला अशा थाटात मी पाळला.

नावाखाली दोघांची अक्षरं. वासुदेवाचा वा, रघुनाथाचा र. असे कितीतरी वा आणि र.

पक्षी मी पुस्तकातून शिकलो होतो, तू रेशमातून. उन्हाळ्यात परतीला निघालेल्या वाकड्या चोचीच्या तुतवारांची पोटं तांबडी होतात. पुस्तकात त्या रंगाला विटकरी म्हणतात. तू म्हणालास, हा कसला विटकरी, हा अरक्कु. साडीतला तो लाखेचा, पिकलेला, काळसर लाल. त्यातल्या एकाकडे बोट करून तू म्हणालास की ह्याचा रंग अजून चढला नाही, आणखी दोनदा बुडवायला हवा. मी टिपणांत लिहून ठेवलं, 'अर्धवट पिसारा'. आता दोन्ही आठवून बघतो तेव्हा तुझंच बरोबर वाटतं.

आणि सुरयांची ती गोष्ट. दुपार चढली की मादी अंड्यांवरून उठते, पाण्यावर जाते, पोट भिजवून येते आणि पुन्हा अंड्यांवर बसते. ऊब द्यायला नव्हे, गारवा द्यायला. हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. होडी कडेला लावून आपण बघत बसायचो आणि दहा मिनिटं झाली की तू म्हणायचास, "पोदुम्. पुरे. आपण बसलों तर ती उडून ऱ्हाते, अंडी उन्हांत शिजतात." मला आणखी पाच मिनिटं हवी असायची. तू कधी दिली नाहीस.

मग तुझे डोळे गेले. सगळे गेले नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा तो आजार, ज्यात नेमकं मधलं पुसतं आणि कडेकडेचं राहतं. ज्या माणसानं जन्मभर रेशमाचे धागे मोजले, त्याचंच मधलं पुसावं. मला देवाचा राग आला होता. तू मात्र मान एका बाजूला वळवून माणसांशी बोलायला शिकलास. तुला बघायचं असलं की तू दुसरीकडे बघायचास. नवी माणसं गोंधळायची, वहिनी रागवायच्या, "मल बघून बोला की!" आणि तू म्हणायचास, "बघतोंच आहे गे."

तरी वैकासीतली फेरी चुकली नाही. शेवटच्या तीन वर्षांत तू होडीत माझ्या उजव्या हाताला बसायचास, गुडघ्यावर वही. मी दुर्बिणीतून सांगायचो, तिसऱ्या खुंटाच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला, दोन पाणटिवळे. तू मान फिरवायचास आणि म्हणायचास, "हां, दिसला." जरा जास्तच लवकर म्हणायचास. एकदा तर दोन्ही पक्षी उडून गेल्यावर म्हणालास. मला कळत होतं, अण्णा. तुला दिसत नाही, हे मला कळत होतं. आणि मला ते कळतं, हे तुलाही कळत असणार. पण तू दिसला म्हणालास की नाव वहीत जायचं, माझा पक्षी वहीत जायचा, म्हणून मी तुला थांबवलं नाही. तो तुझा चांगुलपणा मी खुशाल वापरला.

मागच्या वर्षीचा दिवस आता मांडतो. यातलं काही तुला ठाऊक आहे, एक गोष्ट नाही.

उन्हाचा कडाका होता. वाळूवर सुरयांची पिल्लं निघाली होती, वाळूच्याच रंगाची, हलली तरच दिसणारी. मी दुर्बिणीला डोळा चिकटवून एका पिल्लामागे लागलो होतो. तू अचानक माझं मनगट धरलंस. "रघू! नंडूतिन्नी! गेला, गेला, बघ, उजवीकडे!" खेकडे खाणारा तो मोठा काळा-पांढरा पक्षी. इथले मच्छिमार त्याला नंडूतिन्नी म्हणतात. तिकडं खाली, रामेश्वरच्या बाजूला दिसतो म्हणे. दहा वर्षं आपण त्याची वाट पाहिली होती. तुला तो कशापेक्षाही हवा होता. पांढऱ्या अंगावर काळी किनार, म्हणजे कोऱ्या साडीचा नमुना, असं तू त्याचं चित्र बघून म्हणाला होतास.

मी डोकं वर केलं. तोवर वाळूच्या उंचवट्यामागे काहीतरी उतरलं होतं. मी म्हणालो, कुरव असेल, किनाऱ्यावरचा रोजचाच. तू म्हणालास, कुरव असा पळत नाही. उतरल्यावर चार पावलं पळाला, थांबला, पुन्हा पळाला. मी म्हणालो, मला दिसला नाही. तू म्हणालास, "मल दिसला रे. खरंच दिसला." वही उघडलीस, पेन्सिल हातात घेतलीस आणि थांबलास. नियम होता ना. तू माझ्या तोंडाकडे, म्हणजे माझ्या खांद्यापलीकडे, बघत थांबलास. एक शब्द हवा होता तुला. तीन वर्षांत तू मला कितीतरी दिले होतेस.

मी म्हणालो, "अण्णा, शेजारी बसलेल्या माझं तोंड तुला दिसत नाही. तिथला पक्षी कुठून दिसणार? तीन वर्षं नुसतं हो ला हो म्हणतोस, मला कळत नाही असं वाटतं तुला?"

आणि हे मी पुण्याच्या मराठीत म्हणालो. ऑफिसात टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायचो तसं. आपल्या बोलीत ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं, असं मला वाटतं. सेल्वमला मराठी येत नाही, पण त्यानंही मान खाली घातली.

तू वही मिटलीस. दोरा गुंडाळलास. मग पिशवीतून डबा काढलास आणि माझा वाटा आधी माझ्याकडे सरकवलास. "दहीभात खा. उन्हानं आंबेल." वहिनींनी घातलेली कोवळ्या कैरीची फोडही तू मलाच दिलीस. मी खाल्ली, अण्णा. निर्लज्जासारखी चवीनं खाल्ली.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. मी डोकं वर केलं तेव्हा त्या उतरणाऱ्या पक्ष्याचा पंख मला दिसला होता. क्षणभरच. पांढरा होता आणि मागच्या कडेला काळा होता. कुरवाला तेवढं काळं नसतं. तो नंडूतिन्नीच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण कुरव नव्हता, एवढं मला तिथंच माहीत होतं. डोळा दुर्बिणीत घातलेल्या माणसाला ताटलीएवढं जग दिसतं. तुझं मधलं गेलं होतं, कडेचं शाबूत होतं, आणि पक्षी कडेनंच आला. मला हे पटलं होतं, म्हणूनच मी चिडलो. इतकी पुस्तकं, एवढी मोठी दुर्बीण, आणि बघितला तो तू.

त्यानंतर दर शनिवारी वाजणारा फोन वाजला नाही. मी वाट बघितली. आधी त्यानं करावा, मोठा आहे. मग आधी मी करावा, चूक माझी आहे. मग आता इतक्या दिवसांनी काय करायचा. दिवाळीला मी मुलाच्या हाती मिठाई पाठवली, तू परत डबा भरून पाठवलास. दोन रस्त्यांपलीकडे राहून आपण डब्यांच्या मार्फत बोलत होतो. मधे एका लग्नात तू खांबाशेजारी बसला होतास. मी जवळ येऊन उभा राहिलो. तू मान तिरकी केलीस. "कोण?" मी म्हणालो, मी. आवाज ओळखलास. तोंडभर हसलास. "कॉफी घेतलीस?" मी म्हणालो, घेतली. एवढी सोपी जागा तू करून दिली होतीस. त्या जागेवर मी कॉफीबद्दल बोललो.

यंदाच्या वैकासीत येईन तुझ्या दारात, पहाटे, पिशवी घेऊन, असं ठरवलं होतं. काही न बोलता बसला नेईन, असंही ठरवलं होतं. तू त्याच्या आधीच, चित्रैत गेलास. सकाळची कॉफी पिऊन ओसरीवर बसल्या बसल्या. माझ्या ठरवण्याला काय अर्थ राहिला?

वही मी घरी आणून उघडली. शेवटच्या तीन वर्षांची तुझी अक्षरं मोठमोठी, ओळ सोडून चाललेली. आणि तिथं मला ते दिसलं. नावापुढच्या वा या अक्षरावर जागोजाग एक ठिपका. पाणटिवळा, वा वर ठिपका. तुतवार, वा वर ठिपका. काही ठिकाणी नाही. बगळ्यावर नाही, डोक्यावरून ओरडत गेलेल्या सुरयावर नाही. होडीत असे ठिपके तू कधी दिले नव्हतेस. मी तसाच उठून वहिनींकडे गेलो.

वहिनी वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते होय? घरीं आल्यावर भिंग लावून बसून द्यायचे. मीं विचारलें, हें काय करालांत? तर म्हणाले, ठिपका दिलेले ते अस्की, सगळे, रघूच्या डोळ्यांनीं पाहिलेले. वहींत खोटं नक्को." हातातली वात तबकात ठेवली. मग म्हणाल्या, "मीं म्हटलं, मग त्याल सांगा की. तर म्हणाले, नक्को. त्याचा आनंद जाईल."

म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललास आणि वहीशी खरं. मी उलटं केलं. वहीचा नियम सांभाळला आणि तुझ्याशी खोटं बोललो.

मागच्या वर्षीच्या पानावर बारा नावं आहेत. अकरांवर ठिपका. सर्वांत खाली, बाकीच्यांपासून दोन ओळी सोडून, 'नंडूतिन्नी'. अक्षर बाकीच्यांहून नीट आहे, हात धरून लिहावं तसं. त्यापुढं वा. बिनठिपक्याचा. आणि त्यापुढं माझी जागा, रिकामी. तू र घातला नाहीस. नियम मोडला नाहीस. जागा तेवढी सोडून ठेवलीस, वर्षभर.

काल मी पळैयारला गेलो. वहिनींना डबा एकच द्या म्हणालो होतो. त्यांनी दोन दिले, म्हणाल्या एक सेल्वमला. तिरुभुवनम आलं तेव्हा मी सोसायटीच्या दाराला हात जोडले. शेजारच्या माणसानं वळून बघितलं, बघू दे. दुर्बीण नेली होती, पण होडीत तिची तिपाई उभी केलीच नाही. वाळूची जीभ यंदा बरीच दक्षिणेला सरकली आहे. सुरय आहेत. पोटं भिजवून येत होते, बसत होते. तुतवार जवळजवळ सगळे निघून गेलेत, मागं राहिलेला एकच होता, पुरता अरक्कु. दोनदा बुडवून झालेला. मी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, हा झाला बघ." सेल्वमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नंडूतिन्नी नव्हता. कसा असेल?

मग मी वही काढली. सेल्वमनं ती ओळखली. इंजिन बंद करून तो पुढं येऊन बसला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी, मोठे सार बोट दाखवत होते तेव्हा, मी पण तिकडं..."

मी हात वर केला. सव्वीस वर्षं मी साक्षीदारांना बोलतं करण्याचं काम केलं, अण्णा. तपासताना एकही सोडला नाही. आणि त्या दिवशी होडीत तिसरा माणूस होता, त्याला मी काही विचारलं नव्हतं. आता तो आपणहून बोलत होता. दिसला म्हणाला असता तर मी काय केलं असतं? साक्ष मिळाली म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला असता. आणि कुरव होता म्हणाला असता तर? म्हणून मी त्याला म्हणालो, "नको सेल्वम, सांगू नकोस. मोठ्या सारांना दिसला होता." तो मान हलवून मागं गेला.

दोऱ्याला बांधलेली तुझी पेन्सिल बोथट झाली होती. तिनंच त्या रिकाम्या जागेत र लिहिला. होडी हलत होती. पंखाची ती काळी कड मला दिसली होती, तेव्हा बिनठिपक्याचा र लिहायला थोडी जागा होती. पण वहीत खोटं नक्को. पक्षी मी पाहिला नाही. मी तुझ्या डोळ्यांनी पाहिला.

मी र वर ठिपका दिला. दहा मिनिटं होऊन गेली होती. "पोदुम्," मी सेल्वमला म्हणालो, "अंडी उन्हात आहेत," आणि आम्ही होडी वळवली.